खुर्ची क्रमांक एकची शिंक

संसर्ग प्रतिबंध कार्यालयातले निम्मे कर्मचारी सर्दी-तापाने अंथरुणाला खिळले, तोवर कार्यालयाचं काम समाधानकारक चालू होतं. उरलेल्या निम्म्यांनाही कणकण जाणवू लागली तेव्हा वरून विचारणा झाली, आणि संचालकांना नाइलाजाने एक हवातज्ज्ञ बोलवावा लागला.

त्याची वाट संचालकांच्या लघुलेखकाइतकी कुणीच पाहत नव्हतं. लघुलेखकाची आई फुप्फुसाच्या दुखण्यातून नुकतीच उठली होती, आणि आता साधी सर्दीसुद्धा तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इकडे नोकरी अशी, की संचालकसाहेबांसमोर हातभर अंतरावर बसून मजकूर उतरवून घ्यायचा. साहेब दर परिच्छेदाला शिंकत आणि तोंडावर हात धरणं पदाला कमीपणा आणणारं मानत.

तज्ज्ञाने खोलीत धूर सोडला, वेगवान कॅमेरा लावला आणि साहेबांची एक शिंक भिंतीवर सावकाश उलगडून दाखवली.

"मोठे थेंब जड, ते फायलीवर पडतात," तो म्हणाला. "बारीक थेंब पडत नाहीत. तोंडातून सुटलेल्या दमट हवेच्या ढगात तरंगत राहतात. पंखा साहेबांच्या पाठीमागे असल्यामुळे ढग थेट लघुलेखकाच्या तोंडावर येतो आणि तिथून लेखा शाखेत जातो. उगम, खुर्ची क्रमांक एक. पंखा बंद करा, खिडकी उघडा, साहेबांनी रुमाल धरावा. संपलं."

खोलीत कुणी खोकायलाही धजेना. शेवटी उपसंचालक उठले.

"थेंब साहेबांचे, हे मान्य. पण त्यांत जंतू होते कशावरून?"

"तपासलेत."

"सगळ्यात जास्त कुठे सापडले?"

"लघुलेखकाच्या चेहऱ्यावर."

"मग उगम तोच की. मुद्देमाल ज्याच्यापाशी सापडतो त्यालाच धरतात ना?"

तज्ज्ञाने ढग पुन्हा दाखवायला घेतला, तोच कुणीतरी दिव्याबरोबर यंत्राचंही बटण बंद केलं. संध्याकाळपर्यंत आदेश निघाला. 'हवेचा प्रवाह वरिष्ठांकडून कनिष्ठांकडे असणे प्रशासकीय शिस्तीस धरून आहे. उलट प्रवाह आढळल्यास कारवाई करण्यात येईल. जंतू जनतेत जाऊ नयेत म्हणून खिडकी कायमची बंद करावी. उगम ठरलेल्या लघुलेखकास संचालकांच्या निकट देखरेखीखाली ठेवावे.'

त्याप्रमाणे त्याची खुर्ची हातभरावरून वीतभरावर सरकली.

"नशीब काढलंस लेका," लेखापाल नाक ओढत म्हणाला. "आमच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलंच येतं."

लघुलेखक रोज घरून मनाशी पक्कं करून निघायचा, की आज सांगायचंच. एकदा तर त्याने स्वतःचा धुतलेला रुमाल काढून साहेबांपुढे ठेवलासुद्धा.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आपल्या चष्म्यासाठी, साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला आणि ते मोकळेपणाने शिंकले.

घरी गेल्यावर तो आईपासून लांब बसायचा, पण तिला पाणी द्यायला, उठवून बसवायला त्याच्याखेरीज होतं कोण? आईला ताप भरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. साहेब जातीने भेटायला आले. लघुलेखकाने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, खाटेला अगदी टेकवून. आई नुसती बघत राहिली. बोलायला तिच्याजवळ श्वास नव्हता.

"घरात सर्दी आणली कुणी?" डॉक्टरीणबाईंनी करड्या आवाजात विचारलं.

साहेबांनी छताकडे पाहिलं.

"मीच," लघुलेखक म्हणाला.

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. असा प्रामाणिक माणूस हल्ली मिळत नाही, म्हणाले.

आई गेली. कार्यालयात शोकसभा झाली. बंद खिडकीच्या खोलीत साहेब भरभरून बोलले आणि 'मातृप्रेम' या शब्दावर त्यांना जी शिंक आली, ती पहिल्या रांगेतल्या मुलाच्या तोंडावर बसली. तो हलला नाही. साहेब दाराकडे वळले, तेव्हा त्याने चेहरा हळूच बाहीला पुसला.

लाचार कुठला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. फक्त त्याआधी एवढं आठवून पाहा, की तुमच्यावर पोट अवलंबून असलेला माणूस नव्हे, तर तुमचं पोट ज्याच्यावर अवलंबून आहे असा माणूस तुमच्या तोंडावर शिंकला होता, तेव्हा त्याची पाठ वळेपर्यंत तुम्ही किती वेळ हसत उभे होतात.