मस्कतचा उतार

आमच्या शेजारचे तात्या राऊळ कुठलंही अंतर घाटांत मोजायचे. "पुणा? एक घाट. सावंतवाडी? मोजू नको, ओकारी येईल." सपाटीवरची गावं त्यांच्या लेखी लांब नव्हतीच. सुरतेला ते "बोरिवलीच्या जरा पुढे" म्हणत.

त्यांची मुलगी सुमन लग्न होऊन मस्कतला गेली आणि तात्यांची पंचाईत झाली. मधे दीड हजार किलोमीटर नुसतं पाणी! दोन वर्षांनी ती छोट्या मुलाला घेऊन घाटकोपरला माहेरपणाला आली. परत निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी तिचं तिकीट वाचलं. मुंबईहून दहाला सुटणार, अकराला मस्कत. येताना मात्र ती बाराला निघून चारला पोचली होती.

"जाताना एक तास नि येताना चार?" तात्या म्हणाले. "येताना चढ असतलो."

मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून मला बोलावणं आलं.

"तात्या, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं."

"मग जावयाक सांग, दुरुस्त करून घे म्हणून."

मी दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून समजावायला बसले. पाव तासाने माझ्या हिशेबाने सुमन घाटकोपरहून निघायच्या आधीच मस्कतला पोचली होती. तात्या माझ्याकडे दयेने बघत होते.

पण प्रश्न गमतीचा नव्हता. गावाला निघालेलं माणूस पोचेपर्यंत मागे घरात केर काढायचा नाही, हा राऊळांकडचा कडक नियम. काढला तर वाटेवरच्या माणसाचं काहीतरी बरंवाईट होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला विमानतळावर सोडून तात्या आणि काकू घरी आली. अकरा वाजले. काकूंनी झाडू घेतला, केर सुपलीत भरला, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला.

"काकू, थांबा! ते अकरा तिकडचे! ती अजून समुद्रावर आहे!"

तात्या पांढरेफटक पडले. त्यांनी काकूंच्या हातातली सुपली ओढून घेतली आणि सगळा केर पुन्हा फरशीवर पसरला. कोपऱ्यातला कोपऱ्यात, दारातला दारात. आम्ही कुणीच हसलो नाही. साडेबाराला मी "पोचली" म्हणून जाहीर केलं, पण माझ्या भूगोलावरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता.

संध्याकाळी खालच्या वाण्याकडे जावयाचा फोन आला. सगळे सुखरूप. तात्या जिना चढून आले आणि तिथेच फरशीवर बसले. काकूंनी झाडू उचलला, तसा त्यांनी हात धरला.

"अहो, आता तर पोचली ना?"

"पोचली गो. म्हणजे गेलीच. आजची रात रवांदे तसोच."

फरशीभर नातवाने सांडलेले कुरमुरे होते. काकूंनी झाडू दाराआड ठेवला आणि ते चुकवत स्वयंपाकाला गेल्या.