भोईरमामांचं नांदतं घर

रिकाम्या घरात भोईरमामा कपडे वाळत घालायचे. स्वतःचे दोन लेंगे, एक टॉवेल आणि आमच्या हिच्याकडून मागून नेलेली साडी.

"घर नांदता दिसला पायजे, मास्तर. रिकामा घर रुसल्यावानी दिसतं. कोन घेनार?"

घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आमच्या भिंतीला लागून. अक्का वारल्या. नाशिकच्या भाचीने फोनवर सांगितलं, "मामा, रंग मारा, गिऱ्हाईक बघा, विकून टाका." मामा मूळचे कशेळी गावचे. शेतावर गोदामं उभी राहिल्यापासून हाताला काम नव्हतं. पलीकडच्या गल्लीत एकटेच राहायचे. घर विकायचं काम त्यांनी लग्न निघाल्यासारखं अंगावर घेतलं.

रंग झाला. मग दारात लहान-मोठ्या चपला मांडल्या. ओट्यावर कुकर चढला, आत नुसतं पाणी. "पाव्हना आला कं शिटी झाली पायजे." माझ्या वाट्याला खुर्ची आणि पेपर. "तुमी फकस्त बसा. बोलू नका. तुमी घरातलेच."

पहिले आले शेलार गावचे शेखभाई. त्यांचे कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग आहेत. त्यांनी चपला पाहिल्या, साडी पाहिली, बनियनवर बसलेला मी पाहिला.

"मामा, ये किरायेदार हैं क्या?"

"न्हाय हो! घर खाली हाय!"

तेवढ्यात कुकरने शिटी दिली. पाठोपाठ आमची ही आत डोकावून म्हणाली, "अहो, साडी वाळली का?"

"पहले इनको निकालो," शेखभाई उठले, "फिर बात करेंगे."

पुढची दोन-तीन गिऱ्हाइकंही अशीच गेली. मास्तरांनी अक्कांचं घर बळकावलं, अशी गावभर बोंब झाली. एका दलालाने तर मला चहाच्या टपरीवर गाठून हळूच विचारलं, "मास्टरजी, क्या लेके निकलोगे?" मी त्या घरात पेपर घेऊन बसायचं सोडलं. मामा मात्र म्हणाले, "बघा, किती नांदता वाटतं लोकान्ला!"

शेवटी एका दुपारी शेखभाईंची आई न कळवताच आली. मामांना चपला मांडायलाही सवड मिळाली नाही. म्हातारी मोकळ्या खोल्यांतून फिरली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबली आणि म्हणाली, "बस, यही चाहिए."

किल्ली द्यायच्या दिवशी मामांनी तिला कुठला नळ हलक्या हाताने फिरवायचा, कुठली खिडकी पावसात अडकते, सगळं दाखवलं. मग घरी जायचं सोडून आमच्याकडे येऊन बसले.

"अक्का व्हती तवा रोज सकाळी हितं यायचो," ते म्हणाले. "ती गेली तरी घर विकायचा व्हता, म्हनून येत ऱ्हायलो. आता काय सांगून येऊ?"

मामांनी आमच्या हिच्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुमचा चा किती वाजता व्हतो?"

"तुम्ही आलात की," ती म्हणाली.