शहीराच्या पलंगाची चौकशी

गोष्ट २०११ची. जानेवारीच्या अखेरीस, क्रांतीच्या धामधुमीत, एका दुपारी पोलीस ठाणी सोडून नाहीसे झाले आणि कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या गल्लीने चोरांच्या बंदोबस्तासाठी जनसमिती नेमली. अध्यक्ष सुबही न्हावी. काठ्या सगळ्यांकडे होत्या, वस्तरा त्याच्याकडेच होता. चिटणीस गल्लीतलाच वाइल, माझ्या भाचीचा, शहीराचा, होणारा नवरा.

गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक सामानाची चौकशी करायची, हा पहिला ठराव. काही आठवड्यांनी पोलीस परतले. समितीने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं.

एप्रिलमध्ये शहीराचा संसार आला. आमच्याकडे वधूच्या सामानाची यादी करतात, नवरा त्यावर सही करतो आणि लग्नाआधी सामान वाजतगाजत नव्या घरी जातं. लग्न गुरुवारी होतं. सोमवारी गाडी अडवली.

"यादीवर वाइलचीच सही आहे की," मी म्हटलं.

"तीच तर अडचण आहे, मावशी," वाइल म्हणाला. "माझ्याच सहीवर माझंच सामान सोडलं, तर जुन्या राजवटीत आणि आपल्यात फरक काय?"

"मेल्या, मग झोपणार कशावर?"

"तत्त्वावर," गाडीतून शहीरा म्हणाली. "एकटाच."

तपास पूर्ण होईतो सामान समितीच्या तंबूत उतरवलं. कपाटात अर्ज ठेवले, फ्रिजमध्ये समितीचं पाणी. कोच चोरीचा आहे का, हे अध्यक्ष त्यावर बसून तपासू लागले.

बुधवारी मी पुन्हा गेले.

"लग्न होईतो मुलगी इथली रहिवासी नाही," सुबही म्हणाला, "आणि बाहेरच्यांचं सामान आत घेता येत नाही."

"सामान लागल्याशिवाय लग्न होत नाही, सुबही."

"बघा, हाजाबाई. कुठे फट म्हणून ठेवली नाही."

गुरुवारी वाइल नवा सूट घालून गल्लीच्या तोंडाशी, समितीच्या अडसरापाशी उभा राहिला. शहीरा आली नाही.

पुढे तिने अलेक्झांड्रियातल्या एका दंतवैद्याशी लग्न केलं. त्या गल्लीत समिती नव्हती. वाइल अजून अविवाहित आहे, पहाऱ्यावर असताना तंबूतल्या शहीराच्या पलंगावर पडतो. सुबही संसदेवर निवडून आला आणि गल्ली सोडून गेला. अध्यक्षपद माझ्याकडे आलं. कोच खरंच मऊ आहे.

काल एका मुलीची गाडी अडवताना मला शहीरा आठवली, डोळे भरून आले. मुलीला रविवारी यायला सांगितलंय. तिला सोडावं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं लेखी द्या. शहीराच्या वेळीही सगळ्या गल्लीला तसंच वाटत होतं.