पश्चिमेस मोकळे

तात्या नवख्या माणसाचं नाव विचारत नसत. चतुःसीमा विचारत. साताऱ्याहून सांगलीला बदली झाली आणि भाड्याच्या घरासाठी मी त्यांना गाठलं, तेव्हा तोंडातलं पान एका गालात सारून त्यांनी मला पहिलाच प्रश्न टाकला, "सायेब, पूर्वेला कोण?"

मी गोंधळून पूर्वेकडे पाहिलं. तिकडे सायकलचं दुकान होतं.

"तसं न्हवं. खरेदीखतात जमिनीच्या चारी बाजूंला कोण हाय ते लिवत्यात का न्हाई? तसंच माणसाचं. पूर्वेस बायकू, दक्षिणेस सासू, काय आसंल ते सांगा. त्याबिगर घर कुठलं दावू?"

माझ्या दक्षिणेस खरोखरच सासूबाई होत्या आणि त्या आमच्याबरोबरच राहणार होत्या. तात्यांनी मला दोन दारांचं घर पाहून दिलं. त्या दुसऱ्या दाराचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

तात्या म्हणजे जागांचे एजंट. अंगात पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, पायांत करकरणाऱ्या वहाणा. गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायच्या आधी ते स्वतःची ओळख करून देत, "आपुन आत जाऊन आल्याला माणूस हाय. आत म्हंजे तुरुंगात." गिऱ्हाईक दचकून खिसा चाचपायचं. तात्या निवांत. "दुसरं कोण तरी सांगणारच. मग आपणच सांगितल्यालं काय वाईट?" प्लॉटचंही तसंच. पावसाळ्यात इथं गुडघाभर पाणी साचतं, हे ते आधीच सांगून टाकत. एवढं सगळं ऐकूनही लोक त्यांच्याकडूनच जागा घेत, ही गोष्ट बाकीच्या एजंटांच्या डोक्यात कधी शिरली नाही.

एकदा मी त्यांचीच चतुःसीमा विचारली. "पूर्वेस बायकू, दक्षिणेस लेक, उत्तरेस तुमी भाडेकरू मंडळी." आणि पश्चिमेस? "पश्चिम मोकळी," म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

त्यांना हवं होतं बाँडरायटरचं लायसन. कचेरीच्या आवारात टेबल टाकून लोकांची खरेदीखतं लिहायची, हे त्यांचं स्वप्न. "एजंटाला समदी दलाल म्हंत्यात. बाँडरायटरला रावसाहेब म्हंत्यात."

अर्जात प्रश्न होता, कधी शिक्षा झाली आहे काय? सगळ्यांनी सल्ला दिला, 'नाही' लिहून मोकळे व्हा. तात्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'होय. बांधाच्या भांडणात खोऱ्याच्या दांड्याने मारले. मारल्या ठिकाणची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस विहीर, दक्षिणेस पाणंद, उत्तरेस चिंचेचे झाड, पश्चिमेस मार खाल्लेला इसम.'

अर्ज द्यायला मीही बरोबर गेलो होतो. कचेरीतले साहेब ते वाचून ठसका लागेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. "शिक्षा भोगून झाली, त्यालाही बरीच वर्षं लोटली. पण तात्या, तुम्ही जमिनीचेच दस्त लिहिणार. हा पश्चिमेचा इसम इथं येऊन हरकत नाही म्हणाला, तर मी वर शिफारस करतो."

तात्यांनी घाईनं नमस्कार केला आणि ते दाराकडे वळले. पायऱ्या उतरताना मी विचारलं, "कोण हो हा इसम?"

"थोरला भाऊ," ते म्हणाले.

त्यानंतर ते म्हणू लागले, लायसन काय चाटायचं हाय? एवढ्यावर मी सोडूनही दिलं असतं. पण नव्या गिऱ्हाइकाला ते चतुःसीमा विचारीनासे झाले, आणि ते मला बघवेना. एका रविवारी मी त्यांना ओढून एस्टीत बसवलं.

गाव पलूसजवळचं. कोणाच्याही बंगल्यात बेल न वाजवता घुसणारा हा माणूस शेताच्या बांधापाशी आला आणि वहाणा हातात घेऊन थांबला. पलीकडे एक म्हातारा उसाला पाणी पाजत होता. त्याच्या भुवईवर जुनी पांढरी खूण होती.

"कवाधरनं हुबा हायस?"

"आत्ताच आलो, दादा."

"मग ये की हिकडं."

"मधी बांध हाय."

म्हाताऱ्याने बांधाकडे पाहिलं. "त्यो हायच. वलांडून ये."

तात्यांनी काही तो ओलांडला नाही. अलीकडूनच सगळं सांगितलं, लायसनचं, साहेबांचं, त्यांनी दिलेल्या तारखेचं. दादा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, पाणी दुसऱ्या सरीत वळवून निघून गेले. परतीच्या गाडीत तात्या खिडकीबाहेर बघत बसले. मला फार वाईट वाटलं.

ठरल्या दिवशी साहेबांसमोर आम्ही दोघेच उभे होतो. तात्या निघायची चुळबुळ करत होते, तेवढ्यात दारात दादा. धुतलेली टोपी, नवी काठी.

"यांना लायसन द्यायला तुमची हरकत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हाय," दादा म्हणाले.

तात्यांनी मान खाली घातली. मला म्हाताऱ्याचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

"काय हरकत आहे?"

"सांगलीचं लायसन नगं. तासगावचं द्या. गाव तितनं जवळ पडतंय. सांगलीत ऱ्हाऊन ह्यो घरला यायचं इसरलाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तात्यांनी खिशातला रुमाल काढला आणि पेनच पुसत बसले.

मध्यंतरी कामानिमित्त बाजारच्या दिवशी तासगावला गेलो होतो. आवारात तात्यांचं टेबल, समोर ही गर्दी. गिऱ्हाइकं त्यांना रावसाहेब म्हणत होती. त्यांच्याच बाकावर टेकून दादा शेंगा सोलत बसले होते. त्यांना काही कुठला दस्त करायचा नव्हता. दर बाजाराला येतात म्हणे.

मी मुद्दाम विचारलं, "तात्या, चतुःसीमा?"

"पूर्वेस स्टँड, दक्षिणेस च्याची गाडी, उत्तरेस कचेरी."

"आणि पश्चिमेस?"

तात्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पश्चिमेस थोरला भाऊ," ते म्हणाले. "लगत."

दादांनी वर न बघता सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले.