डॉ. करकोच्यांचा एकतर्फी सारखेपणा

एका जंगलात, बाळांनो, एक पाळणाघर होतं. हसू नका. जंगलातल्या आयांनाही कामं असतात.

तिथे सायाळबाईंचा बिटकू असायचा. अंगभर काटे. संध्याकाळी त्याला न्यायला आल्या की सायाळबाई आधी नाक बघायच्या, मग शेपूट. तरी घरी गेल्यावर वाटायचंच, आपलाच आणला ना? (असं वाटतं हो. सगळ्यांनाच वाटत असावं. नसेल तर राहू दे.)

एकदा जंगलाचं वर्गीकरण करायला डॉ. करकोचे आले. एका पायावर उभे राहून म्हणाले, "तुमचं जंगल हा अर्धसमूह आहे. एकामागे एक काहीही जोडा, निघतं ते जंगलातलंच. आंबा, मग माकड, उरली साल."

"अर्धा का हो?" माकडाने विचारलं.

"झालेलं उलटवता येत नाही म्हणून. कर सालीचा आंबा."

माकड बिचारं बसलं करत.

मग सरांनी दोन पिल्लं पुढे घेतली. बिटकू, आणि सशीणबाईंचा मऊमऊ कापश्या.

"पिल्लू, मग आंघोळ!" दोघं पळाली.

"पिल्लू, मग खाऊ!" दोघं परत आली.

"पिल्लू, मग पाहुणे!" दोघांनी तोंडं लपवली.

"मागून काहीही जोडा, फळ तेच," सर म्हणाले. "म्हणजे दोघं सारखी. पालकांनी कुठलंही एक घरी न्यावं."

"अहो, पण माझा काटेरी आहे!" सायाळबाई ओरडल्या.

"ती तुमची भावना झाली."

"एकदा दुसऱ्या बाजूने तरी बघा. आधी मांडी, मग पिल्लू."

"तो विभाग माझ्याकडे नाही. ते सर निवृत्त झाले."

"अगं, गप ना," कोल्हीणबाई कुजबुजल्या. "वर्गीकरणात इतकं सोपं जंगल दुसरं नाही, म्हणतायत सर. एका पोरापायी जंगलाचा वरचा दर्जा घालवतेस का?"

एवढ्यात बिटकू म्हणाला, "आई, भूक म्हटलं की तू खायला देतेस. सशीणमावशीपण देते. पडलो म्हटलं की तू किंचाळतेस. तीपण किंचाळते. मग तुम्हीपण सारख्याच की! तिच्याकडे आज गाजरहलवा आहे."

सायाळबाईंनी मनातल्या मनात पुन्हा जुळवून पाहिलं. पण खोडून काय काढणार? पोरगं बरोबर सोडवत होतं.

बिटकू टुणकन सशीणबाईंच्या मांडीवर चढला.

"मेले, मेले!" सशीणबाईंनी त्याला भिरकावलाच.

रडत रडत तो आईच्या मांडीत घुसला. काटे आईलाही टोचले. चांगलेच टोचले. सायाळबाईंनी डोळे मिटले, आणि काटे निजतात त्या दिशेने त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

डॉ. करकोचे मान वाकडी करून बघत होते. "दोघींनाही टोचलं," ते आनंदाने म्हणाले. "म्हणजे त्या बाजूनेही सारख्याच!"

जंगलाने टाळ्या वाजवल्या. सायाळबाई तोवर बिटकूला घेऊन निघूनही गेल्या होत्या. कापश्याला सशीणबाईंनी नेलं. निवडून नाही, तोच उरला होता.

तात्पर्य : शास्त्र नेहमी एकाच बाजूने करावं. दुसरी बाजू बघायची तर पिल्लू मांडीवर घ्यावं लागतं, आणि करकोच्याला मांडी नसते.