रेस, चोक आणि रशीदचाचा

आमच्या मुकुटबनचे रशीदचाचा माणसांना नावानं ओळखत नाहीत, गाडीच्या दुखण्यानं ओळखतात. मी इथं मास्तर म्हणून आलो त्याला बावीस वर्षं झाली. माझी स्कूटर कधीच भंगारात गेली, पण चाचांच्या लेखी मी अजून 'कार्बोरेटर'च. आमच्या सरपंचबाई 'पंक्चर'. भर ग्रामसभेत चाचांनी त्यांना तशी हाक मारली, तेव्हा बाई सोडून सगळे हसले.

चाचांनी जन्मभर मोटारसायकली दुरुस्त केल्या. आता सत्तरी ओलांडलीय. त्यांच्या आजाराला डॉक्टर बायपोलर म्हणतात. चाचा म्हणतात, "कधी रेस, कधी चोक. दुसरं काई नाई बाप्पा."

पाच-सहा वर्षांमागे अशीच जोरात रेस चढली. चाचांनी गावभर फुकट सर्व्हिसिंग जाहीर केलं आणि एका दिवसात अकरा गाड्या खोलून अंगणभर पसरल्या. हात थांबेना, तोंड थांबेना. "कायले घाबरून राह्यले? साऱ्या विमानावानी उडतीन!" चौथ्या दिवशी चोक झाला. चाचा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले, आणि अकरा जण अंगणात उकिडवे बसून आपापले नटबोल्ट शोधू लागले. पोस्टमनच्या गाडीला अजून दुसऱ्याच कुणाचा तरी आरसा आहे.

तेव्हापासून लोक त्या अंगणाला वळसा घालून जाऊ लागले. खरं सांगायचं तर मीही. पुढं चाची वारल्या. मुलगा पुण्याला. गोळ्यांनी रेस ताब्यात आली, पण चाचा चहात दोनदा साखर टाकू लागले, बोलता बोलता मधेच वाट चुकू लागले.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. "सर, अब्बांना यवतमाळला डॉक्टरकडे न्याल का?"

नेलं. डॉक्टरबाईंनी स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. चाचांनी बराच वेळ पेन्सिल कानामागं ठेवून विचार केला आणि स्पीडोमीटर काढला. काटा चाळीसवर.

"हा माहा आजचा स्पीड," ते म्हणाले. "एकदम बराबर."

बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "घरी बोलायला कोणी येतं का?"

"येते ना! रोज चार-पाच जनं येते. चहा होते, गप्पा होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चाचांनीही पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "येतात."

परतीच्या एसटीत चाचा खिडकीशी बसले. मग म्हणाले, "झूठ बोलला तू."

"तुम्हीच आधी बोललात."

"मी तं शरमेनं बोललो. तू काहून बोलला?"

मी हातातली दोन तिकिटं उगाच मोजू लागलो. खिडकीबाहेर बघत तेच म्हणाले, "उद्या शाळा सुटली का येजो. एक जरी मानूस आला, तं तेवढं तरी खरं होते."

दुसऱ्या दिवशी गेलो. अंगण झाडलेलं होतं. पाच खुर्च्या गोल मांडल्या होत्या, आणि चाचा फडक्यानं पाचवी पुसत होते.

मी बसलो नाही. तसाच फाटकाशी परत आलो आणि रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या माणसाला हाक मारली.