परबांना पोहता येत नाही

परबांना कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला समजत नाही. दुसऱ्याही नाही. इथे आखातात, अल रीम आयलंडवर आम्ही एकाच मजल्यावर राहतो, आणि लिफ्टच्या नव्या मशीनला कार्ड कसं लावायचं हे मी त्यांना इतक्यांदा दाखवलंय की आता झोपेतसुद्धा दाखवेन. त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "वहिनी, म्हणजे नेमकं काय करायचं?" आणि विचारतात इतकं कळवळून, की चिडायचीही सोय नाही.

गोंधळ उडतो तो माझा. कारण हा माणूस मोठमोठ्या टॉवर्सच्या एसीचा इंजिनिअर. अख्खी इमारत गार ठेवणाऱ्याला घरच्या वॉशिंग मशीनचं बटण सापडू नये? एकदा पोहे किती भिजवायचे हे विचारायला आले. मी सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं. शेवटी वैतागून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर चाळणीत पोहे आधीच छान भिजून मोकळे झालेले. बसले, चहा प्यायले आणि घरी आले.

त्यांची बायको वर्षभर मालवणला आहे, आजारी सासूबाईंपाशी. इथे बाप आणि लेक. लेक ऋचा, नुकतीच बारावी झालेली, ऑगस्टमध्ये कॅनडाला शिकायला चालली आहे. ती घरात असते म्हणजे तिच्या खोलीत असते. बापाने काही विचारलं की हेडफोन न काढता म्हणते, "बाबा, जस्ट गूगल इट." ही गेल्यावर या माणसाचं कसं होणार, याचा घोर मलाच लागला होता.

तिची परीक्षा संपली आणि एका संध्याकाळी परब दारात उभे.

"वहिनी, शनिवारी फुजैराला येता का दोघं? स्कूबा करू."

"तुम्हाला पोहता येतं?"

"छे हो! बाथटबमध्येसुद्धा जीव घाबरतो माझा."

"मग स्कूबा कशाला?"

"ऋचा करते ना." परब चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. "जायच्या आधी एकदा तिच्याबरोबर कुठेतरी जावं म्हटलं. मॉलमध्ये चल म्हटलं की नको म्हणते. समुद्राला नाही म्हणाली नाही."

मालवणचा माणूस आणि पाण्याला घाबरतो! पण मी हो म्हटलं.

फुजैराला आमचे हे शहाण्यासारखे किनाऱ्यावर सावलीत थांबले. आम्ही तिघं बोटीतून समोरच्या छोट्या बेटाशी गेलो. शिकवायला करीम नावाचा इजिप्शियन होता, दाराएवढा रुंद. खाली जाताना कान दुखले तर नाक दाबून हळूच फुंकायचं, असं त्याने सांगितलं. परबांनी कान दाबले.

"ऋचा, म्हणजे नेमकं काय करायचं?"

"बाबा! नोज! पिंच युअर नोज!"

परबांनी मास्क उलटा लावला. तोंडात धरायची नळी तोंडातून काढून, ती तोंडात कशी धरायची हे विचारलं. करीमने आधी "हबीबी, ईझी, ईझी" केलं, मग कपाळाला हात लावला. "खलास. ही विल स्टे इन द बोट."

परबांचा चेहरा एवढासा झाला. इतक्या लांब येऊन लेक खाली आणि बाप वर. मलाच कसंतरी झालं.

तेव्हा ऋचा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. मास्क सरळ केला, पट्टे आवळले, नाक धरून दाखवलं. मग करीमला म्हणाली, "आय विल होल्ड हिज हॅंड. आय वोन्ट लेट गो." करीमने आभाळाकडे बघून "यल्ला", म्हणजे चला, म्हटलं, आणि स्वतः त्यांच्या दुसऱ्या बाजूला राहिला.

पाण्याखाली मला वर कुठलं नि खाली कुठलं तेच कळेना. माझ्याच बुडबुड्यांना घाबरून मी करीमच्या मदतनिसाचा दंड ओरबाडला. पण तशाही अवस्थेत परब दिसत होते. एक भलंमोठं कासव आलं. ऋचाने बोट दाखवलं. परबांनी हातवारे केले, कुठे? तिने परत दाखवलं. कासव त्यांच्या नाकासमोरून गेलं तरी परब आपले दुसरीकडेच बघतायत, आणि ती त्यांचा हात ओढून ओढून दाखवतेय.

वर आलो. ऋचा पुढच्या टोकाला करीमबरोबर हवेच्या नव्या टाक्या जोडत होती. तेवढ्यात वाऱ्याने माझी टोपी उडाली आणि पाण्यावरून भराभर लांब जायला लागली. मी "अगंबाई" म्हणेपर्यंत शेजारून कुणीतरी सूर मारला. परब! लांब लांब हात मारत गेले, टोपी घेतली आणि शिडीवरून बोटीत आले. धापसुद्धा लागली नव्हती.

"ऋचाला सांगू नका हां, वहिनी."

"अहो, पण तुम्हाला तर..."

"जेटीवरून उड्या मारतच वाढलो हो. पण येतं म्हटल्यावर ती हात कशाला धरेल? सातवीपासून रस्ता ओलांडतानाही धरत नाही." त्यांनी टोपी पिळून माझ्या हातात दिली. "ऑगस्टला जाणार ती."

मी उगाचच ती ओली टोपी डोक्यावर घातली.

दुसऱ्या खेपेची तयारी झाली. ऋचा माझा पट्टा बघायला म्हणून वाकली आणि कानाशी पुटपुटली, "आंटी, आय नो ही कॅन स्विम. आजी टोल्ड मी एव्हरीथिंग. प्लीज डोन्ट टेल हिम."

एकाने इकडून तोंड बंद केलेलं, दुसरीने तिकडून. आता मी नेमकी कुणाच्या बाजूची, हेच मला समजेना.

ती बोटीच्या कडेला गेली. परब नळी हातात घेऊन भेदरलेला चेहरा करून उभेच होते. तिने हात पुढे केला. घरात-दारात कायम इंग्रजी झाडणारी ही मुलगी म्हणाली, "बाबा, हात सोडू नकोस हं."

परबांनी तो दोन्ही हातांनी धरला. आवाज तिचाच कापत होता.